हसणारा मातीचा घोडा

मंडळी, आज विसरवाडीच्या बाजारात आमच्या धाकट्या सुनेनं मला नवाच धडा दिला.

बैल बरा झाला म्हणून डोंगरातला एक शेतकरी देवाला वाहायचा नवसाचा मातीचा घोडा घ्यायला आमच्या कुंभाराच्या दुकानावर आला. यंदाचे घोडे सुनेनं घडवलेले, सगळे दात काढून हसणारे! असा घोडा वाहिला तर देव कोपेल, म्हणून तो बिचकला. "देवले हाऊ चाली का? कोपना तं?"

मी माफी मागायला हात जोडणार, तोच सून म्हणाली, "दादा, तुन्हा बैल बरा व्हयना ना? मंग घोडा काबरं रडी?"

तो खो खो हसला आणि घोडा फेट्यात गुंडाळून घेऊन गेला.

चाळीस वर्षं मी तोंड पाडलेलेच घोडे घडवले. देवालाही हसू आवडत असेल, हे कधी मनातच आलं नाही. तुम्ही देवापुढे शेवटचे कधी हसलात हो?