आरशाच्या कपाटाची हमाली

आईला आरशाचं कपाट हवं होतं. लग्नापासून ती ट्रंकेत साड्या कोंबत आली होती आणि वीतभर आरशात कुंकू लावत आली होती. त्यामुळे वाशीतल्या एका बँकवाल्या साहेबांची दिल्लीला बदली झालीय आणि ते सामान विकताहेत हे कळलं, तशी तिनं आबांच्या मागे भुणभुण लावली. आमचे आबा साताऱ्याकडचे, बाजारात माथाडी. गोणी उचलायला जेवढे तयार, तेवढेच भांडायला.

व्यवहार दोन हजारांत ठरला. पैसे हातात पडल्यावर साहेबांच्या बाई म्हणाल्या, "आरसा आम्ही मागाहून बसवलाय हं. त्याचे दीडशे वेगळे."

"म्हंजे? त्यो काय उचकटून दिल्लीला नेनार व्हता व्हय तुमी?" आबा कडाडले. आईनं त्यांना कोपरानं ढोसलं. दीडशे गेले.

मग सोसायटीचा सेक्रेटरी उगवला. सामान लिफ्टनं न्यायचं तर पन्नास! आबांचं टाळकंच फिरलं. "घाल तुजी लिफ्ट चुलीत! मी हमाल हाय, हमाल!" असं म्हणून त्यांनी न् मदतीला आलेल्या माझ्या काकांनी कपाट जिन्यानं उतरवलं. आई मागून, "अहो, आरसा! आरसा!"

आता फक्त टेम्पोचे पैसे उरले होते. गेटपाशी तिथल्या माथाड्यांची टोळी बसलेली. त्यातला एक उठून आबांना म्हणाला, "काका, वाराई. शंभर रुपये." त्यांच्या हद्दीत माल कुणीही उचलो, हमाली त्यांना द्यायचीच, असा रिवाज. आता आबा याला फाडून खाणार, असं मला वाटलं. पण आबांचा हात खिशाकडे गेला! जन्मभर व्यापाऱ्यांना ते हेच तर सुनावत आले होते. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही.

त्यांनी शंभर काढून दिले. आई रडकुंडीला आली. "आता टेम्पो कशानं करायचा?"

"वाराई घेतली न्हवं? मग उचला," आबा टोळीला म्हणाले. "कोपरखैरण्यापत्तुर, आमच्या घरला पोचवा."

पोरांनी बरीच कुरकुर केली, पण शेवटी हातगाडी काढली. आबा बाजूनं रिकाम्या हातांनी चालत होते. ते हात कधी पाठीमागे, कधी खिशात. थोड्या वेळानं मात्र आवाज चढला. "सावकास रं! पुढं खड्डा हाय!"

"व्हय, शेठ!" गाडी ओढणारा म्हणाला.

शेठ कोण आलाय ते बघायला आबांनी मागे वळून पाहिलं.