हाताला लिंबाचा वास

त्या वर्षांत दिलसुखनगरला दर चार पावलांवर कॉम्प्युटर क्लासची नवी पाटी लागत होती. त्याच रस्त्याने पुढे गेलं की एका मैदानात सरकारने ओटे बांधून, वर पत्रे घालून शेतकऱ्यांचा बाजार उभा केला होता. मधे दलाल नको, ज्याने पिकवलं त्यानेच विकावं, एवढंच त्यामागचं म्हणणं. मी फलोत्पादन खात्यात नवी होते, आणि ओटा मिळायला जे ओळखपत्र लागायचं ते देणं माझ्या हातात होतं.

आम्ही जामबागचे, शहरातल्या जुन्या मराठी वस्तीतले. घरात तीन पिढ्या मास्तर नाहीतर वकील; मातीशी संबंध काय तो तुळशीच्या कुंडीपुरता. पण माझ्याकडे शेतीची डिग्री होती, आणि अक्कल तर त्याहून जास्त आहे असं मला वाटायचं. दलालांची माणसं कुणाच्या तरी जमिनीचे कागद घेऊन शेतकरी बनून यायची. नियमाप्रमाणे आधी शेत बघायला हवं, पण गावं लांब आणि जीप एकच. म्हणून मी माझी युक्ती काढली होती. कुणी आलं की आधी म्हणायचं, "हात दाखवा." नखांत माती दिसली तर पुढची चौकशी, नाहीतर वाटेला लावायचं. या युक्तीचा मला कोण अभिमान!

एकदा पन्नाशीची एक बाई आली. ठेवणीतली साडी, डोक्याला तेल, दोन बसा बदलून आलेली. एकरभर जमीन आहे, टोमॅटो लावलाय, भाजीची रोपंही करते, म्हणाली. टोमॅटो पिकायला आलाय, ओटा मिळाला तर दलालाला घालावा लागणार नाही. मी हात बघितले. लख्ख. नखंसुद्धा. वर लिंबाचा वास. माझं डोकंच फिरलं.

"ये हाथ खेत में काम करते? किसने भेजा तुमकू?"

ती गांगरली. तेलुगूत काहीतरी पुटपुटली, कागदाची घडी कमरेला खोचली आणि गेली.

संध्याकाळी मी आईला हे फुशारकीने सांगितलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कचेरीत यायचं म्हणून धुतले असतील गं. तू नाही का शाईची बोटं घासून घासून शाळेत जायचीस?"

"तुला यातलं काही कळत नाही," मी म्हटलं खरं, पण जेवण काही गोड लागलं नाही.

तिने सांगितलेलं गाव लक्षात होतं, पण तिकडे जायला जीप मिळेपर्यंत दोन आठवडे गेले. तिच्या शेतात बांधाला लागून, जुन्या साड्यांच्या सावलीत, टोमॅटो-वांग्याच्या रोपांचे वाफे होते. गावातले लहान शेतकरी तिच्याकडूनच रोपं नेतात, असं ड्रायव्हरने वाटेत विचारलं तेव्हाच कळलं होतं. पलीकडे ती टोमॅटोचे फुटवे खुडत बसली होती. मला ओळखलं. "बैठो अम्मा," एवढंच म्हणाली. मीही शेजारी बसून खुडायला लागले.

थोड्या वेळाने बघते तर माझी बोटं काळी-हिरवी झालेली. हौदावर जाऊन धुतली, साबण लावला, दगडावर घासली. डाग ढिम्म हलेना. ती मागून आली. बांधावरच्या झाडाचं लिंबू तोडून तिने विळ्याने कापलं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं.

"साबून से नै जाता."

मी चोळलं. तोच वास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टमाटे?" मी विचारलं.

"दो तोडे दलाल ले गया," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. दोन वेळा तोडलेला तो सगळा माल माझ्यामुळे दलालाकडे गेला होता. माझं चुकलं, असं मी तिला तेलुगूत सांगितलं.

ओळखपत्र तिथेच, हौदाच्या कट्ट्यावर बसून लिहिलं, शिक्का मारला, पुढे केलं. तिने हात मागे घेतले.

"ठैरो अम्मा."

मग उरलेलं अर्धं लिंबू घेऊन ती हौदावर बसली. एकेक बोट, एकेक नख नीट चोळलं, धुतलं, पदराला पुसलं, आणि मग दोन्ही हात पुढे करून कार्ड घेतलं.