कळ की शीण

प्रिय अन्वी आणि कबीर,

गेल्या रविवारी अन्वी फोनवर म्हणाली, "आजी, जिममध्ये केटलबेल उचलून माझा खांदा पार गेला." माझ्या तोंडून पटकन निघालं, "कळ हाय का शीण हाय, ते आधी सांग." तुम्ही दोघंही हसलात. जन्मभर इंग्रजी शिकवलेली आजी अशी कशी बोलली म्हणून कबीरने तर दोनदा विचारलं. ते वाक्य माझं नव्हेच. ज्यांचं होतं त्यांच्याविषयी मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांचा आवाज कानात स्पष्ट आहे तोवर लिहून ठेवते.

आमच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या, मी इंग्रजी. मुलींच्या लेखी त्या खेळाच्या बाई आणि मी इंग्रजीच्या बाई. निवृत्तीनंतर कॉलनीतही तीच नावं राहिली. आम्ही दोघीही एकमेकींना तशीच हाक मारायचो, म्हणून त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. बुटक्या, रुंद खांद्याच्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यातली शिट्टी भाजी आणायला जातानाही निघत नसे. वडील तालमीतले वस्ताद, त्यामुळे आवाज असा, की चौकातल्या रिक्षावाल्याला वाटावं, आपल्यालाच हाक मारली.

शाळेत आमची मैत्री नव्हती. माझा तास चालू असताना मैदानावरून त्यांची शिट्टी यायची आणि मी खिडकी लावून घ्यायची, एवढाच संबंध.

आजोबा गेले त्याच्या पुढच्या थंडीत माझा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. अंबाडा घालता येईना म्हणून केस कापून घेतले आणि तुमच्या बाबांना सांगितलं, जरा बदल म्हणून. फळीवरचे डबे एकेक करून ओट्यावर आले. बाबा रोज फोनवर म्हणायचे, "आई, एकटी कशाला राहतेस? इकडेच ये." मला यायचं नव्हतं. तुम्ही मला नको होतात असं नाही. पण आपल्या हाताने दार उघडावं, आपल्या हाताने चहा करावा, हे सुख मला सोडवत नव्हतं. हात असाच राहिला तर एक दिवस घराला कुलूप लावावं लागणार, हे मात्र मला पुरतं कळून चुकलं होतं.

एका सकाळी मी भाजीची पिशवी डाव्या हातात धरून चालले होते. रस्त्यापलीकडून आरोळी आली.

"इंग्रजीच्या बाई! उजवा हात पेन्शनीत काढला व्हय?"

सगळी मंडई हसली. मी घाईने पुढे जायला लागले, तर त्या रस्ता ओलांडून आल्याच. खांद्यावर बोट ठेवलं, दाबलं. "डॉक्टर काय म्हंटले?"

"व्यायाम करा म्हणाले."

"मग करताय?"

"बघते आहे."

"बघून काय हुतंय? सिनेमा हाय का त्यो? उद्या सकाळी शेडात या."

शेड म्हणजे तरुण मंडळाची पत्र्याची शेड. गणपतीचे दिवस सोडले तर ती रिकामीच. तिथे त्या कॉलनीतल्या बायकांचा वर्ग घेत. साधन एकच, किटली. तुमच्या जिममधली केटलबेल तीच. खेळाच्या बाईंचे दीर कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीत कामाला होते. त्यांनी फोटो पाहून साचा केला आणि बिडाच्या किटल्या ओतून दिल्या.

पहिल्या खेपेला त्यांच्या मुठी चुकल्या होत्या. कोल्हापूरचा माणूस व्यायामाचं काही करायला गेला की त्याच्या डोळ्यांपुढे पैलवान येतो, तसंच झालं. मूठ एवढी जाड की आमच्या बायकांची बोटं तिच्याभोवती पुरी वळेनात. सगळ्यांची कोपरं दुखायला लागली. खेळाच्या बाई म्हणत राहिल्या, "सवय न्हाय तुम्हाला. हुईल." झालं मात्र नाही. मग एका सकाळी त्यांनी स्वतः किटली धरून आपल्याच बोटांकडे बराच वेळ पाहिलं आणि शिट्टी फुंकली. "चुकलं. माझं चुकलं, दिराचं बी चुकलं. समद्या किटल्या माघारी!" आठवड्याभरात बारीक मुठीच्या किटल्या आल्या. मुठीवरची साच्याची रेघ हाताला टोचू नये म्हणून त्यांनी बसून प्रत्येक मूठ कानशीने घासली. घासताना पुटपुटत होत्या, "गदा सांगितलेली व्हय मी?"

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, दोन्ही हातांत भरल्या घागरी हायत. मागचं दार ढकलायचं हाय. कशानं ढकलाल?"

मी जरा घुटमळले. "मागच्या बाजूने."

"तिला नाव हाय की न्हाय काय?"

"पार्श्वभागाने."

शेडमध्ये हशा पिकला. त्या मात्र हसल्या नाहीत. "पार्श्वभाग तुमच्या पुस्तकात. हितं ढुंगण. ढुंगण मागं, पाठ सरळ, गुडघं जरा सैल. वाकायचं न्हाय, कमरेत मोडायचं." आम्ही बायका किटली उचलायला जायचो ते मोरीत धुणं धुवायला बसल्यासारख्या, उकिडव्या. सारा भार गुडघ्यांवर. त्या दाराच्या युक्तीने कितीतरी जणींचे गुडघे वाचले. तो शब्द मात्र मी त्यांच्यासमोर मोठ्याने कधी उच्चारला नाही. दर वेळी त्या माझ्याकडे आशेने बघायच्या.

वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकीपुढे उभं राहून त्यांचा तोच प्रश्न. कळ हाय का शीण हाय? शीण म्हणजे कामाचा थकवा. तो झोपेने जातो, त्याला भ्यायचं नाही. कळ आली की किटली तिथेच खाली. चमक निघाली तर उचलण्यात काहीतरी खोट आहे, ती शोधायची. आणि ठणका, म्हणजे काही न करता, बसल्या जागी दुखतंय, तर सरळ डॉक्टर. "तिथं माझं काय काम न्हाय," त्या म्हणायच्या. आणि लगेच पुढे, "लपवायचं मातूर न्हाय. लपवलेलं दुखणं आन लपवलेलं कर्ज, दोन्ही घर खातंय."

शालन नावाची एक बाई वर्गाला यायची. घरी म्हशी, पहाटे धारा काढून मगच शेडमध्ये. बारीक मूठ येऊनही तिचं कोपर दुखायचं थांबेना. खेळाच्या बाईंनी तिला झोका, म्हणजे दोन पायांमधून किटली झुलवून छातीपर्यंत आणायची, तो घ्यायला लावला आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून तिच्या हाताकडे बघत बसल्या. मग ओरडल्या, "अगं ए! म्हशीची धार काढायला आलीस व्हय हितं?"

शालन अंगठा मुडपून मुठीत घ्यायची, धार काढताना घेतात तसा, आणि झोका पुरा होईपर्यंत किटली पिळत राहायची.

"सवय हाय की बाई, काय करू मी?"

"किटलीला दूध न्हाय. बोटं आकड्यावानी वाकवून धर, सैल. पळून जात न्हाय ती."

पंधरवड्यात शालनचं कोपर निवलं. ती बाईंसाठी खरवस घेऊन आली आणि बाईंनी तो कुणाला न देता शेडमध्येच उभ्याने संपवला.

माझी खोट फळ्यामुळे होती. इतकी वर्षं फळ्याच्या वरच्या कडेला तारीख लिहून लिहून माझा उजवा खांदा कायम कानाजवळ गेलेला. किटली हातात आली की तो आणखी वर चढायचा. "खांदा कानात काय सांगतोय?" त्या विचारायच्या. "चुगल्या नकोत. खाली घ्या त्याला." सुरुवातीला त्यांनीही घाई केली. किटली डोक्यावर न्यायला लावली आणि मला अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्या दिवशी त्या वर्ग सोडून माझ्याबरोबर घरी आल्या. पुढचे काही दिवस मी खांद्याविषयीचं इंटरनेटवरचं इंग्रजी वाचून सांगायची, त्या ओट्याला टेकून करून बघायच्या. "ह्ये खरं," "ह्यो बंडल मारतोय," असा निकाल द्यायच्या. शेवटी ठरलं, आधी नुसती उचलून चालायचं, मग छातीपर्यंत, डोक्यावर सगळ्यात शेवटी.

तेव्हापासून वर्गानंतर आमच्याकडे चहा सुरू झाला. बशीत ओतून, फुर्र आवाज करत. एक दिवस मी साखर शोधायला लागले, तर डबा ओट्यावर नाही.

"खालच्या फळीवर ठेवला मी," त्या म्हणाल्या. "च्या पायजे तर काढा."

मी काढला. पुढच्या महिन्यात डबा आणखी एक फळी वर गेला. एकदा हात पुरेना, तेव्हा त्या जागच्या हलल्या नाहीत. आम्ही दोघींनी बिनसाखरेचा चहा प्यायला. "वंगाळ लागतोय," एवढंच म्हणाल्या आणि पुरा संपवला. ज्या सकाळी डबा सगळ्यात वरच्या फळीवरून माझ्या हातात आला, त्या सकाळी त्यांनी तीन चमचे साखर घातली. त्याच संध्याकाळी मी बाबांना फोन करून सांगितलं की मी इथेच राहणार. कारण सांगितलं नाही.

मग माझ्या लक्षात यायला लागलं, की त्या जमिनीवर बसेनाशा झाल्यात. झोका करून दाखवायच्या तो आता नुसता तोंडाने सांगायच्या. चहाला खुर्ची ओढून घ्यायच्या, आणि उठताना टेबलाला हात. एका सकाळी त्या प्रश्न विचारत माझ्यापर्यंत आल्या, तर मीच विचारलं, "तुमचं काय? कळ की शीण?"

"शीण."

"खोटं," मागून शालन म्हणाली. "काल दुधाला आलता तवा उंबऱ्यावर थांबला. पाय उचलंना तुमचा."

खेळाच्या बाईंनी शिट्टी फुंकली. आम्ही किटल्या उचलल्या नाहीत. सगळ्या तिथेच सतरंजीवर बसलो. त्यांनी पुन्हा फुंकली. मग शिट्टी हातात घेऊन उभ्याच राहिल्या आणि मी कधीही ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाल्या, "ठणकतंय. लई दिवस झालं. पोराला कळलं तर त्यो घिऊन जाईल मला. आन एकदा गेलो की सोडायचा न्हाय त्यो." (कोल्हापुरात बायकाही 'मी गेलो, मी आलो' म्हणतात. बाबांना विचारा, लहानपणी तेही हसायचे.)

हीच भीती मी दोन वर्षं डब्यांमागे लपवली होती.

खुबा झिजला होता. मुलगा हैदराबादहून आला, समंजस मुलगा. ऑपरेशन तिकडेच करायचं ठरलं. निघताना गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या, "नवा खुबा घिऊन येतो. माझी जागा कुणाला देऊ नका."

ऑपरेशन चांगलं झालं. पण 'आणखी थोडे दिवस' म्हणत महिने जात राहिले. मग त्यांनीच तोड काढली. वर्गाच्या वेळी त्यांचा फोन यायचा. आम्ही तो स्पीकरवर टाकून पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ठेवायचो. त्यांना दिसायचं काही नाही, त्यांना चित्राचा फोन नकोच असायचा. त्या नुसत्या ऐकायच्या. "कोन श्वास धरतंय? सोडा त्यो." "आपटू नका खाली, पाळण्यातलं लेकरू हाय." मध्येच गप्प व्हायच्या. मी कठड्याशी जाऊन म्हणायची, "आहात ना?" तिकडून यायचं, "हाय की. ऐकतोय. पत्र्यावर कावळा बसलाय का? त्याचा बी आवाज येतोय." मला वाटतं, त्यांना कावळाही हवा असायचा. शेड, पत्रा, आमची धाप, सगळंच.

एका मंगळवारी फोन आला तो मुलाचा. पहाटे झोपेतच गेल्या होत्या. अंत्यविधी तिकडेच होणार होते. आम्ही एवढ्या बायका लोखंडाच्या त्या गोळ्यांभोवती उभ्या होतो, आणि जायचं कुठे, हे कुणालाच कळत नव्हतं. शेवटी शालन म्हणाली, "सुट्टी द्यायला बाई न्हाईत. घ्या." आम्ही घेतल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी चुका काढल्या नाहीत. तेवढा एकच वर्ग मला झेपला नाही.

मुलांनो, माणूस दूर गेलं की त्याचा आवाज तरी येतो, या आधारावर मी तुमच्यापासून दूरही इतकी वर्षं काढली आहेत. त्यांच्या बाबतीत तोही संपला. सकाळी चहा करताना मी अजून मध्येच थांबते, रस्त्यावरून कुणी माझ्या नावाने ओरडतं का ते ऐकत. मोठ्याने हाक मारणारं माणूस गेलं की घर किती शांत होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं. घागरी आणि दाराचा तो शब्दसुद्धा एकदा त्यांच्यासमोर म्हणून टाकला असता तर किती हसल्या असत्या.

वर्ग चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, त्याच शेडमध्ये. पुढे आता शालन उभी राहते. किटल्या गंजू नयेत म्हणून पावसाळ्याआधी आम्ही त्यांना तेल लावतो.