वाकड्या शिंगाचं काय करायचं

परवा नातीने जेवता जेवता विचारलं, "आजी, तू खरंच एक हरीण मारलंस?"

"मी नाही मारलं. मी फक्त बोट दाखवलं."

"मग सेमच ना."

तिची आई वकील आहे, त्यामुळे या घरात कोणाची सुटका होत नाही. मी वरणभात कालवला. पण ते बोट दाखवणारी बाई, म्हणजे तेव्हाची मी, मला चांगली आठवते. पन्नाशीला टेकलेली, साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला पिटाळलेली, आणि आपल्याला सगळं कळतं याची ठाम खात्री असलेली. आज ती समोर आली तर मी तिला खुर्ची देईन, चहा देईन, आणि ती बोलायला लागली की टीव्हीचा आवाज वाढवीन.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. आम्ही लंडनच्या कडेला पिनरमध्ये राहायचो; तिथून बसने थोडं बाहेर पडलं की एक जुना पार्क लागायचा. भोवती उंच कुंपण, आत ठिपकेवाल्या हरणांचा कळप. त्यांच्यातल्या नराला तिथे बक म्हणतात. त्याची शिंगं वर जाऊन उघड्या पंजासारखी पसरतात. मी रोज सकाळी तिथे चालायला जायचे. चालणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, पार्कच्या कमिटीवर यायला आवडेल का? इंग्रज माणूस "आवडेल का" म्हणतो तेव्हा नाही म्हणायला भरपूर जागा ठेवलेली असते, हे मला तोवर कळलं नव्हतं. एवढ्या आदराने विचारतोय म्हटल्यावर मी हो म्हणून बसले.

कमिटीचं मुख्य दुखणं असं होतं, की कुंपण वाढत नाही, गवत तेवढंच राहतं आणि दर उन्हाळ्यात पाडसं होतात. लांडगे त्या देशातून केव्हाच संपले. त्यामुळे दरवर्षी थोडी हरणं कमी करावी लागतात, नाहीतर हिवाळ्याच्या शेवटी ती उपासमारीने कुंपणाशी पडतात. आदल्या वर्षी पडलीही होती. माद्यांचं काय ते कळपाची राखण करणारी कीपर ठरवायची. तिशीतली, सदा च्युइंगगम चघळणारी, घाईतली बाई. बंदूकही तीच चालवायची. पण बक म्हणजे पार्कची शोभा. कुठले बक जाणार हे कमिटीने ठरवायचं. आणि कमिटीत एकाच्याही तोंडून 'मारणे' हा शब्द निघत नसे. 'बाहेर काढणे', 'कमी करणे', 'जरा विरळ करणे'. कोथिंबिरीच्या वाफ्याबद्दल बोलावं तसं.

पहिल्याच मीटिंगमध्ये चेअरमननी माझ्याकडे मान वळवली. निवृत्त गृहस्थ, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे.

"तुम्ही मांस खात नाही, बरोबर?"

"नाही."

"अंडं?"

"केकमधलं चालतं."

"म्हणजे तुमचा यात काहीच स्वार्थ नाही," ते खूश होऊन म्हणाले. मारलेल्या हरणांचं मांस कमिटीत वाटलं जायचं, आणि आदल्या वर्षी कोणीतरी कोणावर तरी कोवळा बक मुद्दाम निवडल्याचा आरोप केला होता. तेव्हा निवड आता माझ्याकडे. सगळ्यांनी टेबलावर बोटं वाजवून संमती दिली.

त्या बाईने काय म्हणावं? 'मला यातलं ओ की ठो कळत नाही' असं म्हणावं. ती म्हणाली, "ऑफकोर्स." वर दुसऱ्या दिवशी जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून पीस खोवलेली हिरवी टोपी आणि एक दुर्बीण घेऊन आली.

"बंदूक कुठे ठेवणार?" हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "चपलांच्या कपाटात मावेल?"

"अहो, मी फक्त निवडणार आहे."

"मटार निवडतेस तसंच?"

कीपरने मला नियम सांगितले. वयाच्या मानाने शिंगं कमी वाढलेले तरुण बक आधी जातात. लंगडे, खंगलेले जातात. म्हातारे झाले की शिंगं पुन्हा आखूड व्हायला लागतात, त्यांतलेही काही जातात. ऐन भरातले ठेवायचे, आणि प्रत्येक वयाचे थोडे थोडे शिल्लक राहतील असं बघायचं. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात मी चिखलात उभी, आणि समोर सगळ्यांच्या फक्त पाठी. ज्याचं वय ठरवावं तो दुसऱ्याच्या मागे जायचा आणि तिसराच बाहेर यायचा. लग्नासाठी पाहायला आलेल्या एका घरच्या मंडळींनी मला सुईत दोरा ओवायला लावला होता, वर "जरा स्वयंपाकघरापर्यंत चालून ये" म्हणाले होते. तेव्हा मी आठवडाभर धुमसत होते. आता मीच दुर्बीण लावून पुटपुटत होते, "चालून दाखव रे. डावा पाय कसा टाकतोस बघू."

तरी मी निवडले. मन लावून निवडले. आणि मग मीटिंग.

"तो? अहो, तो नको," खजिनदार बाई म्हणाल्या. "माझ्या मिस्टरांनी शेवटचा फोटो त्याचाच काढला होता."

"मग हा ओढ्याजवळचा?"

"त्याला शाळेतल्या मुलांनी नाव दिलंय."

"हा काळपट?"

"काळपट एकच आहे हो आपल्याकडे," चेअरमन म्हणाले. तो त्यांचा लाडका होता. काळा नव्हे, चॉकलेटी, चकचकीत, आणि माजाच्या दिवसांत एकाशीही न झुंजता कोपऱ्यात चरत राहिलेला. "फारच देखणा आहे. पुढच्या वेळी विचार करू."

ते पुढच्या वेळेचं ऐकून ऐकून माझे कान किटले. शरद संपत आला. चहा, बिस्किटं, हवामान, आणि पुढची वेळ. कीपर दाराला टेकून उभी असायची. एकदा म्हणाली, "गेल्या वर्षी कुंपणाशी पडलेले मी एकटीने उचलले. यंदा तुम्हाला सगळ्यांना फोन करणार आहे." त्यावर सगळ्यांनी फार सहानुभूतीने माना हलवल्या.

आता त्या शहाण्या बाईची गंमत सांगते. फाटकाजवळच्या चेस्टनटच्या झाडाखाली एक बक रोज उभा असायचा. एक शिंग पंजासारखं झकास, दुसरं पिळलेल्या काटकीसारखं. मागचा एक पाय तो जपून टाकायचा. बाकीचे मला पाहून पळायचे. हा नुसता बघायचा, घरी उशिरा आलेल्या सुनेकडे बघावं तसा. मीही त्याला रोज "काय, झाला का नाश्ता?" म्हणून पुढे जायचे. घरात तेव्हा मला असं उभं राहून बघणारं कोणी उरलं नव्हतं. नियम कुठलाही लावा, पहिला नंबर त्याचाच होता. आणि माझ्या निवडीत तो एकदाही आला नाही. इतकी तटस्थ होते मी.

भांडून भांडून बाकीचे ठरले. एक कमी पडत होता.

"तो चेस्टनटखालचा," चेअरमन म्हणाले. "त्याच्याबद्दल कोणीच काही बोललेलं नाही."

बरोबरच होतं ते. त्याचा फोटो नव्हता, त्याला नाव नव्हतं.

"त्याचं शिंग जन्मतः वाकडं नाही," मी म्हणाले. "पायाला इजा झाली की दुसऱ्या बाजूचं शिंग असं वाढतं, कीपरनेच सांगितलंय. त्याची पोरं सरळ शिंगांची होतील."

"खरं आहे, पण पाय?"

"चालतो की तो."

"माय डिअर," चेअरमननी चष्मा काढला, "तुम्ही तटस्थ आहात ना?"

मी तिथे चक्क भाषण ठोकलं. जीवदया, न्याय, व्यंग असलेल्यांचा हक्क. ओढ्याजवळच्याला बेधडक पाठवायला निघालेली बाई डोळ्यांत पाणी आणून बोलत होती. सगळे हेलावले. निर्णय पुढच्या वेळेवर गेला.

पुढच्या वेळी थंडी कडाक्याची पडली होती. कीपरचा फोन आला: बाकीचे झाले, एक राहिलाय, उद्या सकाळी या, तिथेच ठरवा, नंतर मला वेळ नाही. दुसऱ्या दिवशी चेअरमनना डेंटिस्टकडे जायचं होतं. खजिनदार बाईंकडे प्लंबर येणार होता. एकाची गाडी सुरू होईना. हिरवी टोपी घालून पोचले ती मी एकटी.

कीपरने हरणांसाठी गवत टाकलं होतं. तो वाकड्या शिंगाचा आला, दुसऱ्याने ढुशी दिली, तो मागे सरला. पुन्हा आला, पुन्हा सरला. मग दूर जाऊन पुढचे गुडघे टेकून गोठलेलं गवत खरवडू लागला. दुर्बिणीतून त्याच्या फासळ्या दिसत होत्या. इतके दिवस मी त्याला नुसतं झाडाखाली उभं असलेलं बघत होते, आणि त्यावरून चालतो की म्हणत होते.

"बोल," कीपर म्हणाली.

"तू ठरव ना."

"मी ठरवलं की म्हणतात मी घाई केली. तूच बोल."

"हा हिवाळा काढेल तो?"

"काढेल कदाचित. कदाचित नाही काढणार. मला काय माहीत?"

म्हणजे तिथूनही काही मिळणार नव्हतं. जाड हातमोज्यात बोट नीट कळेना, म्हणून मी हातमोजा काढला आणि दाखवलं. मग टोपी दोन्ही कानांवर ओढून फाटकाकडे तोंड करून उभी राहिले. तरी ऐकू आलं. वळून पाहिलं तेव्हा बाकीची हरणं थोडी पळून परत गवताशी आली होती.

तिसऱ्या दिवशी कीपरने एक पुडकं हातात दिलं. सोबत आलेल्याचा वाटा, म्हणे. नको म्हणायला मी तोंड उघडलं तोवर तिची गाडी निघून गेली होती.

घरी यांनी फ्रीज उघडला. विरजण, श्रीखंड आणि मध्ये ते.

"हे काय?"

"वाटा."

"आपण खात नाही."

"मला माहीत आहे."

"मग परत कर."

"कोणाला करू?"

यांनी विरजणाचं भांडं वरच्या फळीवर ठेवलं. पुडकं संध्याकाळी शेजारी दिलं. त्यांनी थँक्यू कार्ड पाठवलं, त्यावर हरणाचं चित्र होतं.

नंतरच्या मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "यंदा एक जरा वातड निघाला, नाही का? पुढच्या वेळी कोवळा बघा, माय डिअर."

माना हलल्या. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्या बाईच्या तोंडून निघालं एवढंच, "ऑफकोर्स."

पण मी वर्षभर वाट पाहिली. पुढच्या शरदात पहिल्याच मीटिंगला, चहा यायच्या आत, मी सांगितलं, "सुरुवात काळपटापासून. अंगाने भरलाय, कोवळा आहे, कधी झुंजला नाही."

"पण म्हणजे," चेअरमन उभेच राहिले, "त्याला मारायचं?"

तो शब्द त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारला गेला. खजिनदार बाईंनी बिस्किट बशीत परत ठेवलं.

"तो नको असेल तर तुम्ही दुसरा दाखवा," मी म्हणाले. "खिडकीतून सगळे दिसतायत."

ते खिडकीशी गेले. दाराला टेकलेली कीपर च्युइंगगम चघळायची थांबली. बाहेर कळप चरत होता, चेस्टनटखाली कोणी नव्हतं. चेअरमननी एकेका बककडे पाहिलं. त्यांचे हात काही खिशातून बाहेर आले नाहीत.