मोहळघारीचा फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. एकटा असताना मनातल्या मनातसुद्धा कधी पूर्ण वाक्यात म्हटलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आज जमतंय का? की वय झालं म्हणून? ठाऊक नाही. पण बसा जरा.

जुन्या जालन्यात आमचं कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, वडील इथंच जन्मले, मीही. दुकानात बसायचो, पण जीव रमायचा नाही. नव्वदनंतर कधीतरी मी एक जुना कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स घेतली, आणि त्याच सुमारास जोगदंड सर भेटले. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, एका गुडघ्यानं अधू, डोक्यावर पांढरी टोपी. फाल्गुन-चैत्रातल्या दर रविवारी आम्ही पहिल्या एसटीनं जाफराबादच्या वाटेला लागायचो. एका फाट्यावर उतरून नाल्याकाठानं चालायचं. पळस संपत आलेला असायचा. मोसंबीच्या बागेत फुलपाखरं अंडी घालायला यायची — सर पान उलटवून तो मोहरीएवढा पिवळा ठिपका दाखवायचे, आणि पान पुन्हा होतं तसं ठेवायचे. मी जे काही बघायला शिकलो ते त्यांच्याकडून. पाखराला उठवायचं नाही, घरट्यावरचा काडीकचरा बाजूला करायचा नाही, वाट पाहायची. एवढाच त्यांचा नियम होता.

हे सगळं मी लांबवतोय, कळतंय मला.

तर त्या वर्षी नाल्याकाठच्या पिंपळावर आग्या मोहळ बसलं होतं. सुपाएवढं, काळंभोर, फांदीला लोंबणारं. आणि त्या मोहळावर मोहळघार येत होती. मधाची पोळी तोडून खाणारा हा शिकारी पक्षी आमच्या भागात सहसा नजरेला पडत नाही. औरंगाबादला छायाचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. मला तो फोटो हवा होता. किती हवा होता, हे आज सांगितलं तर तुम्हाला हसू येईल.

नाल्यात उतरलो तेव्हापासून तो आवाज कानात होता — लांब कुठं मोटर चालू असावी तसा. बागेचा राखणदार शेषराव वाटेत भेटला. साठीचा माणूस, खांद्यावर घोंगडी, कानावर बिडी. आम्हाला बघितलं की पाण्याचा तांब्या घेऊन यायचा. त्या दिवशी तो पाणी देऊन तिथंच घुटमळला. म्हणाला, "गुर्जी, आज तिकडं जाऊ नका. परवा माकडानं मोहळ छेडलं तं खाली बांधलेल्या गोऱ्ह्याला धरलं माश्यांनी. जाग्यावर गेला." सरांनी मान हलवली. म्हणाले, आपण लांबूनच बघू. मग माझ्याकडं बघून पुन्हा म्हणाले, लांबूनच.

पिंपळाच्या अलीकडं एक जुना आंबा होता. त्याच्या खोडावर रास्ना फुललेली — झाडावर वाढणारी रानटी ऑर्किड, तपकिरी रेघांची फुलं. सर वही काढून तिच्यापाशी बसले, पिंपळाकडं पाठ करून. मी पुढं गेलो. घार आलेली होती. पण पानांआड, मोहळापासून हातभर अंतरावरच्या फांदीवर, नुसती शेपटी दिसत होती. मी थांबलो. तासभर थांबलो असेन. ऊन चढायला लागलं, उजेड पांढरा पडायला लागला. रोलमध्ये चार फोटो उरले होते. पुढच्या रविवारी ती असेल कशावरून?

मी दगड मारला.

घारीच्या फांदीला नेम धरला होता — हे खरं आहे. पण हातभरावर काय लोंबतंय ते मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. घार उठली, पंख पूर्ण उघडले, मी बटण दाबलं. मग कॅमेरा खाली घेतला, तर त्या काळ्या मोहळावरून वाऱ्यानं पडदा हलावा तशी एक लाट सरकली. मग दुसरी. मोटरीचा तो आवाज एकदम जवळ आला.

मी ओरडलोसुद्धा नाही. पळालो.

सरांच्या शेजारून पळालो. ते मागं वळून उठत होते, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांचा दंड धरून ओढायला कितीसा वेळ लागला असता? बागेच्या कडेला मोटरीची खोली होती, पत्र्याच्या दाराची. मी आत शिरलो आणि आतून कडी लावली. अंगाला दहा-बारा डंख झाले होते. अंधारात मी कॅमेरा पोटाशी धरून बसलो होतो.

आणि आता ते, ज्याच्यासाठी एवढं सगळं सांगितलं.

सर दारापर्यंत आले. त्या गुडघ्यानं, त्या अवस्थेत — कसे आले देव जाणे. पत्र्यावर हात वाजला. ते म्हणाले, "प्रकाश, दार उघड." रागावून नाही, वर्गातल्या पोराला सांगावं तसं. मी कडीवर हात ठेवला. दाराबाहेर तो आवाज इतका दाट होता की पत्रा थरथरत होता. मी हात काढून घेतला. ते पुन्हा म्हणाले, नुसतंच "प्रकाश". मग दाराला काहीतरी घासत खाली गेलं.

त्यांना वाचवायला धावला तो शेषराव. उघड्या अंगानं, घोंगडी पाण्यात बुडवून. सरांना तिच्यात गुंडाळलं, बांधाआड ओढत नेलं, ओला पाला पेटवून धूर केला. त्याचं तोंड, मान, हात सगळं सुजून फुगलं होतं. त्यानंच रस्त्यावरची जीप थांबवली. मी खोलीतून बाहेर आलो तेव्हा तो मलाच विचारत होता, शेट, तुम्ही बरे हात ना?

जालन्याच्या दवाखान्यात सर दोन दिवस होते. जीभ सुजलेली, बोलता येत नव्हतं. शुद्ध होती. काकू — त्यांची बायको — मला त्यांच्या उशाशी बसवायच्या आणि म्हणायच्या, बघा, प्रकाश आलाय. एक डोळा थोडा उघडायचा. त्या डोळ्यानं ते माझ्याकडं बघायचे. काय होतं त्या नजरेत? राग असता तर मला पेलला असता. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मग सगळे विचारायला लागले, माश्या उठल्या कशानं? बागेचा मालक, सरांचे भाऊ, गावचे चार लोक काकूंच्या ओसरीवर बसले होते. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "खाली धूर झाला होता. शेषराव बिडी ओढत होता."

त्याच्या कानावरची बिडी दिवसभर पेटलेली नव्हती. धूर केला तो नंतर, सरांसाठी. पण जळका पाला सगळ्यांनी पाहिला होता. शेषरावही तिथंच उभा होता, सुजलेल्या तोंडानं. तो जमिनीकडं बघत आठवत राहिला — आपण खरंच ओढली होती का? मी त्याला आठवताना बघत होतो. मालकानं त्याला त्याच आठवड्यात काढलं. तो लेकीकडं वाटूरला निघून गेला.

फोटो निघाला का, असं तुमच्या मनात आलं असेल. निघाला. घारीचं पीस न् पीस दिसतंय. मी तो प्रदर्शनात दिला नाही, फाडलाही नाही. आम्हा जैनांत पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीला, कळत नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागायची रीत आहे. मी दरवर्षी हात जोडून सगळ्यांची मागतो, गिऱ्हाइकांचीसुद्धा. काकू होत्या तोवर त्यांचीही मागायचो. त्या म्हणायच्या, तू काय केलंस रे बाबा?

सात-आठ वर्षांनी एका लग्नाहून परतताना वाटूर फाट्यावर बस बदलायला उतरलो. चहाच्या टपरीवर शेषराव बसला होता. खूप थकलेला, पण मला लगेच ओळखलं. जागा करून दिली, चहा सांगितला. काकूंचं विचारलं. मग हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाला, "शेट, त्या दिसापासून बिडीला हात लावला न्हाई. मला बराबर आठवत न्हाई, पण वढलीच असंल. माझ्यामुळंच गेले गुर्जी."

टपरीवर आम्ही दोघंच होतो. टपरीवाला मागं भांडी घासत होता. जालन्याची बस अजून लागायची होती. वेळ होता.

मी म्हणालो, "बिडी सोडली ते बरं केलं, मामा."

त्यानं मान हलवली.

शेषराव त्यानंतर तीन वर्षं जगला. वाटूर जालन्याहून तासाभराच्या रस्त्यावर आहे. मी गेलो नाही.