उखाने आणलेला रोट

सुख लिफ्टने वर जातं, अशी भाईदासची पक्की समजूत होती. अमळनेरकडच्या खेड्यातून तो सुरतेला आला, उमेदीची सगळी वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात घालवली, मग स्वतःची एम्ब्रॉयडरीची मशिनं टाकली. हातात चार पैसे आल्याबरोबर त्याने डिंडोलीच्या कामगारवस्तीतली खोली सोडली आणि गेट-वॉचमनवाल्या सोसायटीत फ्लॅट घेतला. शेजारचे भूपेंद्रभाई रविवारी सकाळी बायकोबरोबर झोपाळ्यावर बसून गरमागरम लोचो खात. भाईदासनेही झोपाळा टांगला, लोचो आणला. बायको सरला म्हणाली, "मले तं चक्कर येस." पण सुखी माणसं असंच करतात म्हटल्यावर भाईदास नेटाने झोके घेत राहिला.

श्रावणात कानबाई आली. खानदेशात हा सगळ्या भाऊबंदांचा सण. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू काढायचे, दळून त्यांचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला त्यातला कणही द्यायचा नाही. यंदा देवी बसवायची पाळी थोरल्या भाईदासची होती. पण कानबाई म्हणजे वाजंत्री, नाच, फुगड्या. शिवाय सुरतेतल्याच कोसाडहून धाकटा भाऊ उखा आपली लूमवरची सगळी मंडळी घेऊन येणार. सोसायटी काय म्हणेल? भाईदासने फोनवर ठोकून दिलं, "ऑर्डर अर्जंट शे, भाऊ. औंदा कानबाई तूच बठाड."

सरलाने अबोला धरला. तिच्याकडे बघायची भाईदासला लाज वाटायची, म्हणून तो बघतच नव्हता.

सोमवारी विसर्जन आटोपून उखा थेट सोसायटीच्या गेटवर आला. अनवाणी, कपाळभर गुलाल, हातात स्टीलचा डबा. वॉचमनने त्याला अडवलं. नेमका भाईदास तिथेच भूपेंद्रभाईंशी गप्पा मारत उभा होता.

"कोण छे, भाईदासभाई?"

"कारीगर छे," भाईदास बोलून गेला.

बोलला आणि त्याला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं. उखाने ते ऐकलं होतं. याच उखाला भाईदासने बोट धरून सुरतेला आणलं होतं, लूमवर उभं राहून तुटलेला धागा जोडायला शिकवलं होतं.

उखा पुढे आला. "तुम्हना नावनी मूठ बी काढेल व्हती. रोट शे." एरवी प्रत्येक वाक्याला 'दादा' म्हणणारा उखा, पण आज तो शब्द त्याच्या तोंडून आला नाही.

भूपेंद्रभाई मोकळा माणूस. त्यांनी हसत हात पुढे केला. "परसाद छे? अमने बी आपो ने!"

भाईदासला दरदरून घाम फुटला. नाही म्हणावं, तर हा भाऊबंदांचाच रोट आहे हे सांगावं लागणार; म्हणजे समोरचा कारीगर नव्हे, भाऊ आहे हेही आलंच. द्यावा, तर देवीचा रोट बाटणार, आणि तोही उखाच्या डोळ्यांदेखत. आणि या शहाण्या भाईदासने काय करावं? डब्याच्या झाकणाला हात घातला!

उखाने डबा छातीशी ओढला. मग अगदी अदबीने भूपेंद्रभाईंना म्हणाला, "माफ करजो शेठ, आ तो घरना माणसने ज आपवानो होय. हुं भूलथी लई आव्यो."

डबा काखेत मारून त्याने भाईदासला हात जोडले. पगारी माणूस मालकाला जोडतो तसे. आणि रिक्षात बसून निघून गेला.

रिक्षा दिसेनाशी झाल्यावर आमच्या भाईदासला धीर आला. "भूपेंद्रभाई, ए मारो सगो भाई छे."

भूपेंद्रभाई चकित झाले. "सगो भाई? तो घरमां केम नहीं बोलाव्यो?"

भाईदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात वरून गॅलरीतून सरलाची हाक आली. उखाला गेटवर बघताच ती आनंदाने स्वयंपाकघरात पळाली होती, त्यामुळे पुढचं तिला ठाऊकच नव्हतं.

"अहो, उखाभाऊ कोठे ग्यात? लवकर वर लई या त्यासले, मी ताट वाढेल शे!"