सत्तावीस विहिरींचं पाणी

माझ्या पोरीचा जन्म झाला तेव्हा मी वेळ टिपून ठेवली, ही माझी पहिली चूक. आमच्या गावात पोरांची वेळ कुणी टिपत नव्हतं. गुरं रानातून आली तेव्हा, दिवे लागले तेव्हा, भाकरी थापायला घेतल्या तेव्हा, अशा वेळांवर पिढ्यानपिढ्या माणसं जन्मली आणि सुखानं म्हातारी झाली. पण मी पडलो विज्ञानाचा मास्तर. मनगटावर लग्नातलं घड्याळ, खिशाला पेन. बाळंतिणीच्या खोलीतून रडणं ऐकू आलं तसं मी घड्याळ बघितलं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिलं : सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

जिंतूरच्या बसनं फाट्यावर उतरलं की दीड कोस चालून आमचं गाव. पाऊस बहात्तरला गेला होता आणि मी सांगतोय ते त्र्याहत्तरच्या माघातलं. माणसं खडी फोडायच्या कामावर, पोटात रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, आणि गावातल्या विहिरींत दोन-दोन माणसं उतरून वाटीनं पाणी भरायची. अशात माझी पोरगी जन्मली. बायकोला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडंच झालं.

मी आत जाऊन पोरगी बघायच्या आधीच मायनं गावचे जोशी गुरुजी बोलावले. त्यांनी पंचांग उघडलं, माझी वही मागितली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"सर, सहाला मूळ लागलंय. पोरगी मुळाच्या पहिल्या चरणावर आलीय."

नक्षत्राचे चार चरण असतात हे मला त्या दिवशी कळलं. मुळाचा पहिला चरण बापाला वाईट, दुसरा आईला, तिसरा घरातल्या धनाला आणि चौथा चांगला. चौथा गाठायचा तर पोरीनं आणखी अठरा तास आतच थांबायला हवं होतं. मी म्हणालो, माझं घड्याळ जरा पुढं असेल, दहा-पंधरा मिनिटं आधी धरा.

"मग ज्येष्ठेचा शेवट येतो," गुरुजी म्हणाले. "तो थोरल्या भावाला वाईट."

"तिला थोरला भाऊच न्हाई. आन आता कसा होईल थोरला?"

"ते शास्त्राला विचारायचं नसतं, सर."

मी हसलो. एकटाच हसलो. माय भिंतीला धरून खाली बसली होती. माझे वडील मी सहा महिन्यांचा असताना गेले. मायनं दुसऱ्यांच्या शेतात खुरपून मला शिकवलं, मास्तर केलं. तिच्या जिंदगीत मी एवढा एकच होतो आणि गुरुजी म्हणत होते, बापाला वाईट. शांती होईपर्यंत बापानं लेकराचं तोंड बघायचं नाही, असा निकाल लागला. शांती पुन्हा मूळ येईल त्या दिवशी, म्हणजे सत्ताविसाव्या दिवशी. तिला सत्तावीस झाडांची पानं आणि सत्तावीस विहिरींचं पाणी लागणार. मग बापानं तेलाच्या वाटीत लेकराचं तोंड बघायचं, आणि नंतर उघड्या डोळ्यांनी.

सत्तावीस विहिरींचं पाणी, त्र्याहत्तर साली. त्या वेळी गुरुजींना कुणी परभणीच्या कलेक्टरकडं का पाठवलं नाही, मला माहीत नाही.

वर्गात मी शिकवायचो की तारे म्हणजे पेटलेल्या वायूचे गोळे, कोट्यवधी मैल लांब, त्यांना तुमचं माझं घेणं न देणं. फळ्यावर चंद्राची कक्षा इतकी झोकात काढायचो की शिक्षणाधिकारी बघून गेले होते. निकाल लागला त्याच संध्याकाळी मी वळकटी उचलून शाळेच्या कार्यालयात झोपायला गेलो. मायला म्हणालो, तुझ्या समाधानासाठी करतो. हे वाक्य मला लय आवडलं होतं. त्यात मी शहाणाही राहत होतो आणि भेकडही दिसत नव्हतो.

दोन्ही वेळा जेवायला घरी जायचो. ओसरीवर ताट यायचं. आतून रडणं ऐकू यायचं. पहिल्या आठवड्यात ते मांजरीच्या पिलाएवढं होतं, मग त्याला जोर आला. भूक लागल्यावर वेगळं, ओलं झाल्यावर वेगळं, असं मी ताटावर बसून ओळखायला शिकलो. पोरीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं. कुणाचं नाक आलंय, केस किती आहेत, हे मायला विचारायची लाज वाटायची.

पाणी गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं. विज्ञानाच्या कपाटात रिकाम्या बाटल्या होत्या, त्या धुतल्या, बुचं बसवली आणि कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या : क्रमांक एक, मारुतीपुढची. क्रमांक दोन, पाटलाच्या मळ्यातली. शाळा सुटली की सायकल काढायची आणि कुणीतरी सांगितलेल्या दिशेनं मारायची. विहिरीवर पोचावं तर तळाला चिखल आणि काठावर बेजार झालेल्या बायका. त्यांच्यात मी खादीचा शर्ट घालून, हातात औषधाएवढी बाटली घेऊन उभा. बायकांना वाटायचं सरकारनं पाणी तपासायला माणूस पाठवला. एकीनं मला विचारलं, "सायेब, टँकर कवा येनार?" मी सांगितलं, अर्ज गेलाय. दुसरं काय सांगणार होतो?

टँकरवरनंच पुढं घोळ झाला. सरकारी टँकर धरणावरून पाणी आणायचा आणि गावोगावच्या कोरड्या विहिरींत ओतायचा. तिथून माणसं शेंदून न्यायची. अशा सहा गावांच्या सहा विहिरींचं पाणी मी आणलं. माय म्हणाली, हे धरणाचं पाणी, विहिरीचं कसं? गुरुजींना विचारलं. गुरुजी भला माणूस. दुष्काळानं तेही अर्धे झाले होते. झाडांना पानं नव्हती तेव्हा नऊ झाडांची पानं तीन-तीन धरायला ते आपणहून तयार झाले होते. ते म्हणाले, "पाणी विहिरीला लागलं की विहिरीचं. शास्त्रात पर्याय आहे."

माय म्हणाली, "पानाचं चाललं. पान्याचं चालायचं न्हाई. माज्या लेकराच्या जिवाचा सवाल हाय."

तिच्या आवाजापुढं गुरुजीही गप्प, पंचांगही गप्प. सहा बाटल्या बाद झाल्या. पुढचं मूळ आलं तेव्हा चौदाच विहिरींचं पाणी जमलं होतं. शांती आणखी सत्तावीस दिवस पुढं गेली. मी निमूट शाळेत जाऊन झोपलो. रागही आला होता, पण राग गिळून घेण्यात मी लहानपणापासून तरबेज.

आमच्या शाळेत गणिताला एक गुरुजी होते, बौद्ध वस्तीतले, माझ्याच वयाचे. सोनपेठकडच्या एका शाळेतून बदलून आपल्या गावी आले होते. मधल्या सुट्टीत आम्ही एकाच किटलीतला चहा प्यायचो. माझ्या घरी ते आले की माय त्यांना वेगळ्या कपात चहा द्यायची. तो कप बाहेर कोनाड्यात असायचा. ते बघायचे, मी बघायचो, आणि आम्ही दोघं भूमितीवर बोलायचो. माझ्या बाटल्या बघून ते म्हणाले, "सर, आमच्याकडं मूळ कुनालाच लागत न्हाई. छप्पनला आमी हे समदं सोडलं. आन घड्याळ बघायला त्या टायमाला फुरसत कुनाला असती?"

दुसरं मूळ चार दिवसांवर आलं तेव्हा सव्वीस बाटल्या झाल्या होत्या. बारा मैलांच्या टापूत ओली अशी एकही विहीर मी सोडली नव्हती. सोडली होती ती एकच, घरापासून हाकेच्या अंतरावरची. बौद्ध वस्तीची. गावानं त्या लोकांना पूर्वी ओढ्याकाठच्या खोलगटात बसवलं होतं, गावाची घाण वाहून जाते त्या बाजूला. त्याच खोलगटामुळं त्यांच्या विहिरीला त्या साली पुरुषभर पाणी होतं. गावातल्या बायका तिच्यावरून पुढं तीन मैल चालत जायच्या.

मी मायला काही बोललो नाही. तिनंच दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "जा बाबा. पळीभरच तर लागतंय."

मी भर दुपारी गेलो. विहिरीवर त्या गणिताच्या गुरुजींची आई होती. ती गावची सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर आलेली, माझी पोरगीसुद्धा. त्या दिवशी ती आमच्या मागच्या दारानं आली, मागच्या दारानं गेली, आणि ती गेल्यावर मायनं खोलीत गोमूत्र शिंपडलं. मी तेव्हाही दाराबाहेर उभाच होतो.

"काय मास्तर, हिकडं कसं?"

मी बाटली दाखवली. कशासाठी ते सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"प्यायला चालत न्हाई आमचं पानी. पोरीच्या डोस्क्यावर चालतंय व्हय?"

"चालतंय," मी म्हणालो.

"आन तुज्या मायला?"

"तिनंच पाठवलंय."

ती इतकी हसली की पदरानं डोळे पुसायला लागली. मग म्हणाली, "शेंद. तुज्या हातानंच शेंद. लेक कशी हाय, चांगली हाय ना? लय केस व्हते गं बाई. आन उजवा कान दुमडलेला, पानावानी. आता झाला का सरळ?"

मी म्हणालो, मी अजून बघितली नाही.

तिचं हसणं थांबलं. "दीड म्हैना उलटून गेला की रं," ती म्हणाली आणि दोर माझ्या हातात दिला. मला तिचा हेवा वाटला. माझ्या पोरीचा कान दुमडलेला आहे हे गावात सगळ्यांना माहीत असणार. मी पोहरा वर घेतला, बाटली भरली. घसा कोरडा पडला होता. तिनं न विचारता तांब्या पुढं केला आणि मी पोटभर प्यालो. पाणी गोड होतं. घरी ही गोष्ट सांगितली नाही.

शांती झाली. मला पाटावर बसवून डोळ्यांवर उपरणं बांधलं, त्यामुळं पुढचं मला नंतर कळलं. पोरीला सुपात तिळांवर निजवून गाईच्या तोंडापुढं धरलं. गाईनं हुंगलं की ती गाईच्या पोटी नव्यानं जन्मली असं धरायचं. पण गाय दुष्काळातली. तिनं लेकराकडं ढुंकून बघितलं नाही, तिळांत तोंड खुपसलं आणि गुरुजी मंत्र सोडून "हैक, हैक" करायला लागले. मग भोकाच्या मडक्यातून सत्तावीस विहिरींचं पाणी आम्हा तिघांच्या डोक्यावर धरलं. सगळ्या बाटल्या एकातच ओतलेल्या. पाटलाची कुठली, वस्तीची कुठली, देवाला तरी कळलं असेल की नाही. मायनं खाली घमेलं ठेवलं होतं, ते पाणी म्हशीला पाजलं.

उपरणं सोडलं. पुढ्यात काशाची वाटी, तिच्यात तेल, आणि पाठीमागून बायको पोरीला वाकवून धरतेय. मी वाटीत बघितलं. तेल हलत होतं. आढं दिसलं, समईची ज्योत दिसली, आणि माझं स्वतःचं नाक दिसलं.

"दिसलं का तोंड?" गुरुजींनी विचारलं. माय श्वास धरून उभी.

"दिसलं," मी म्हणालो.

मग पोरगी माझ्या मांडीवर आली. चोपन्न दिवसांची. केस दाट होते, कान सरळ झाला होता. मी वाकलो तशी तिनं माझ्याकडं टक लावली आणि तोंड पसरून हसली. मला भरून आलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, हसली बघा, बापाला बघून पहिल्यांदा हसली. माय रडायला लागली. गुरुजी म्हणाले, शांती लागू पडली.

जेवणं झाली, माणसं पांगली, माय गुरुजींना दक्षिणा द्यायला बाहेर गेली. खोलीत आम्ही तिघंच उरलो. बायको पोरीची दुपटी घड्या करत होती.

"पयल्यांदा न्हाई," ती म्हणाली. "धा दिवस झाले, ती हसायलीय."

मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नाही.

"तुमी शाळेतून यायच्या टायमाला मी रोज तिला घेऊन खिडकीत हुबी राहायचे. पडदा वर करून. आत्याबाई चुलीपाशी असायच्या. कुनाला कळलं नसतं. तुमी रोज मान खाली घालून खिडकीवरनं गेलात."

"मग हाक मारायचीस की."

तिनं हातातलं दुपटं खाली ठेवलं.

"मारली असती तर बगितलं असतं?"

त्या दिवशी माझं एकदा खोटं बोलून झालं होतं. म्हणून मी गप्प बसलो.